पूर आला की नेमकं कुणाचं ऐकायचं? (मंडळाची बोट आहे, जाणकारांनी सांगा)

काठावरचा_पलूसकर:
राम राम मंडळी. आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या अगदी काठाला, नाव नको टाकायला. २०१९ ला पण पाणी आलं, २०२१ ला पण आलं. आता मंडळाच्या पोरांनी वर्गणीतनं पैसे बाजूला काढत काढत एक रबरी बोट आणि इंजिन घेतलंय, पट्टीची पोहणारी पोरं तर गावात भरपूर आहेत. अडचण होते ती हुकमाची. मागच्या पुरात असं झालेलं की गावातला कर्मचारी म्हणतोय आधी खालच्या आळीला जावा, तेवढ्यात कुणा पुढाऱ्याचा फोन की आमच्या पाव्हण्यांच्यात दोन म्हातारी माणसं अडकल्यात तिकडं बोट पाठवा, पोलीस म्हणतायत कुणीच पाण्यात उतरायचं नाही, आणि बाहेरची टीम आली ती म्हणते तुम्ही सगळे बाजूला व्हा. चौघांचं चार. शेवटी एकाच आळीत तीन बोटी आणि मळ्यातल्या वस्तीवर एकही नाही. तर असल्या वेळी कायद्यानं मुख्य कोण असतो? तहसीलदार, पोलीस, फायर ब्रिगेड का एनडीआरएफ (केंद्राचं आपत्तीतलं बचाव दल)? आणि आमच्यासारख्यांनी कुणाला विचारून बोट सोडायची? व्हॉट्सॲप ज्ञान नको, ज्यांनी काम केलंय त्यांनी बोला.

निवृत्त_बंबवाला:
माझी सगळी नोकरी अग्निशमनात गेली म्हणून सांगतो. कायदा स्पष्ट आहे. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, त्यात जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. त्याच्यावर राष्ट्रीय प्राधिकरणानं २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्याला आयआरएस म्हणतात, इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टीम. त्यात जिल्ह्याचा जबाबदार अधिकारी म्हणजे कलेक्टर, त्यांच्या हाताखाली इन्सिडंट कमांडर, आणि प्रांताच्या पातळीवर, तहसीलच्या पातळीवर वेगवेगळ्या टीम आधीच नेमून ठेवायच्या. म्हणजे तुमच्या तालुक्यात तहसीलदार.

आता हे आलं कुठून तर अमेरिकेतून. १९७० साली कॅलिफोर्नियात वणवे लागले, १३ दिवसांत १६ माणसं गेली, ७०० च्या आसपास इमारती जळाल्या. नंतर बसून विचार केला तर बंब कमी पडले असं निघालं नाही. निघालं काय, तर दहा खात्यांचे दहा साहेब, प्रत्येकाचा वायरलेस वेगळा, एकच गोष्ट प्रत्येकजण वेगळ्या नावानं बोलतोय, आणि कुणी कुणाला रिपोर्ट करायचा ते ठरलेलंच नाही. तुमच्या आळीत तीन बोटी झाल्या ना, तेच दुखणं, फक्त मोठं.

मग त्यांनी काय केलं की खात्याप्रमाणे न वाटता कामाप्रमाणे वाटलं. एक कमांडर. त्याच्याखाली ऑपरेशन, म्हणजे प्रत्यक्ष माणसं काढणारे. प्लॅनिंग, म्हणजे पाणी किती चढणार, उद्या काय लागणार हे बघणारे. लॉजिस्टिक, म्हणजे डिझेल, जेवण, दोर, बॅटऱ्या. आपल्याकडच्या आयआरएसमध्ये हे तीन भाग आहेत. कमांडरच्या बाजूला अजून तिघं, एक पत्रकारांशी बोलायला, एक इतर खात्यांशी बोलायला, आणि एक सेफ्टी ऑफिसर. आणि एका माणसाच्या हाताखाली थेट तीन ते सात जण, पाच असले तर उत्तम, त्याच्यावर गेलं की मधी एक नायक टाकायचा. लग्नात कसं, आचारी एक, वाढप्यांचा म्होरक्या एक, कोठीवर एक, नवरीचा बाप पंगतीत येऊन "आमटी इकडं आणा" म्हणला तर वाढप्यानं म्होरक्याकडं बघायचं. तेवढंच आहे हे.

हरभट_रोड:
काका सगळं कागदावर झकास. पण २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं, सांगलीच्या बाजारपेठेत बोटी फिरत होत्या, लाईट नाही, फोन लागंना, त्यावेळी कुठला प्लॅनिंग सेक्शन न कुठलं काय. लोकांनी आपापली माणसं आपणच काढली. आणि ब्रह्मनाळ विसरू नका, ८ ऑगस्टला तिथं बोट उलटली, किती जीव गेले. बोटीत माणसं मावतील त्याच्यापेक्षा जास्त बसली होती. पाणी चढतंय, मागं रांग लागलीय, लहान पोरं रडतायत, तिथं कोण कुणाला उतरवणार?

निवृत्त_बंबवाला:
हरभट रोड, तुमचा राग बरोबर आहे आणि ब्रह्मनाळचं नाव काढलं की आम्ही पण गप्प होतो. पण बघा, तुम्हीच उत्तर दिलंय. "कोण कुणाला उतरवणार", ह्याच्यासाठीच सेफ्टी ऑफिसर नावाचं पद ठेवलंय. त्याचं काम एकच, धोका दिसला की थांबवणं, आणि काम थांबवायचा अधिकार त्याला दिलेला असतो, कमांडरला विचारत बसायचं नाही. गावात तो ऑफिसर येणार नाही हे मलाही माहिताय. म्हणून काठावर तुमचा एक माणूस ठेवा जो बोटीत बसणारच नाही. धिप्पाड, आणि ज्याचं गाव ऐकतं असा, शाळेतला मास्तर असला तर उत्तम. त्यानं माणसं मोजायची, जॅकेट नसलेल्याला चढू द्यायचं नाही, आणि चालवणाऱ्याला हात वर केल्याशिवाय इंजिन चालू करू द्यायचं नाही. चालवणाऱ्यावर हे टाकू नका, त्याला समोरचं रडणारं पोरगं दिसत असतं.

वाईचा_दोर:
मी सातारा जिल्ह्यातला, घाटात अपघात झाला की दरीत उतरणाऱ्या एका ग्रुपमध्ये असतो. पाण्यातलं मला कमी कळतं पण हुकमाचं कळतं. आंबेनळी घाटात २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली, तिथं ट्रेकर्स, पोलीस, एनडीआरएफ, आसपासच्या गावची पोरं असे सगळे होते. असल्या जागी आमच्याकडं नियम असा की दोरावर एकच आवाज. वर जो दोर सांभाळतोय तो ओढ म्हणला तर ओढायचं, थांब म्हणला तर थांबायचं, मग मागं एसपी साहेब उभे असू देत नायतर मंत्री. आणि कुठलाही शहाणा अधिकारी त्यात बोलत नाही हा माझा अनुभव. ते रस्ता मोकळा ठेवतात, गर्दी मागं रेटतात, ॲम्ब्युलन्स तोंड फिरवून उभी करून घेतात, आणि ते काम आमच्यापेक्षा सोपं अजिबात नाही.

दुसरी गोष्ट. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरड आली तेव्हा रस्तेच तुटलेले, बाहेरनं माणूस लवकर पोचणं अवघड. असल्या ठिकाणी पहिले काही तास गावच कमांडर असतं, कुणी नेमो न नेमो. फक्त टीम आली की तिच्या म्होरक्याला गाठून पाच मिनिटांत सांगायचं, एवढी माणसं सापडली, एवढी बेपत्ता आहेत, ह्या घराखाली आवाज आलेला, ह्या बाजूनं अजून माती येतीय. आणि मग सूत्रं सोडायची. बरीच भांडणं तिथंच होतात, पोरांना वाटतं सकाळपासून राबलो आम्ही आणि आता हे वर्दीवाले आम्हाला हाकलतायत. रोख सांगतो, वाईट मलाही वाटतं.

काठावरचा_पलूसकर:
दोरावर एकच आवाज, हे पोरांना लगेच पटंल. पण माझा मूळ प्रश्न अजून तिथंच आहे. समजा एनडीआरएफ आली, तहसीलदार पण हजर आहेत. तहसीलदार म्हणाले तिकडच्या वस्तीवर जा, एनडीआरएफवाला म्हणाला ओढ जास्त आहे जाणार नाही. मग?

निवृत्त_बंबवाला:
मग जाणार नाही. कुठं जायचं, कुठली वस्ती आधी, हे प्रशासन ठरवतं, कारण कुठं किती माणसं आहेत, कुणाला डायलिसिस आहे, कुठली बाई दिवस भरलेली आहे ही यादी त्यांच्याकडं असते. कसं जायचं आणि जाता येतंय का, हे टीमचा कमांडर ठरवतो. पुण्याजवळ सुदुंबऱ्याला एनडीआरएफची ५ वी बटालियन आहे, तिथनं टीम आली की जिल्ह्याच्या सांगण्यावरूनच काम घेते, पण जवानांना हुकूम त्यांचाच अधिकारी देणार, तहसीलदार थेट जवानाला सांगणार नाहीत. आयआरएसमध्ये तर असंही आहे की ऑपरेशनचा प्रमुख आपत्ती बघून ठरवायचा, हुद्दा बघून नाही.

आणि हरभट रोड, प्लॅनिंगला हसू नका. भूकंपाला वेळ मिळत नाही, आपल्याला मिळतो. कोयनेतनं सोडलेलं पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं, मग भिलवडीवरनं आयर्विनला यायला त्याला वेळ लागतो. वर पाऊस किती, धरणातनं किती क्युसेक सोडलं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची काय परिस्थिती, ह्याच्यावर उद्याचा अंदाज बांधता येतो. आयर्विनला ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी. चाळीसला बोट पाण्यात घालायची वेळ नसते, चाळीसच्या आधी म्हाताऱ्यांना ट्रॅक्टरमधनं हलवायची वेळ असते. जो चांगला कमांडर असतो त्याच्या पुरात बोटी कमी लागतात, पण पेपरात फोटो मात्र बोटीचाच येतो.

महसूलचा_माणूस:
नाव गाव सांगत नाही, पण असल्या काळात आम्हीच रात्रभर जागतो एवढं खरं. पलूसकर, पाऊस सुरू व्हायच्या आधी तहसीलला मान्सूनपूर्व बैठक होते. तिथं लेखी द्या, बोट कसली, किती माणसं बसतात, इंजिन किती एचपी, चालवणारे कोण, त्यांचे नंबर, जॅकेट किती. तुम्ही यादीत असला तर तुम्हाला फोन येतो, नसला तर तुम्ही गर्दी. कडू वाटलं तर वाटू दे. आपदा मित्र म्हणून सरकारचं ट्रेनिंग असतं, दोघं तिघं पाठवा, ओळख होते, आणि ओळख असली की रात्री दोनला पण काम होतं.

पूर आल्यावर बोट घेऊन थेट पाण्यात जाऊ नका. आधी जमायची जागा ठरलेली असते, शाळेचं मैदान नायतर बसस्टँड, तिथं येऊन नोंद करायची आणि काम मिळेपर्यंत थांबायचं. हे थांबणंच पोरांना जमत नाही. पण थांबलेली बोट म्हणजे आमच्या हातात राखीव बोट असते, आणि न सांगता गेलेली बोट म्हणजे शोधायला अजून एक बोट. परत आल्यावर कुणाला कुठनं आणलं, कुठं सोडलं, नावं लिहून द्या. २०१९ नंतर एकाच माणसाला तीन जण शोधत असायचे आणि तो बाबा निवारा केंद्रात चहा पीत बसलेला असायचा.

पुढाऱ्याच्या फोनचं म्हणाल, तर नाही म्हणू नका, हो पण म्हणू नका. "साहेब १०७७ ला सांगा, ते सांगतील तिथं जातो" एवढंच. १०७७ म्हणजे जिल्ह्याची कंट्रोल रूम, तिथं फोनची नोंद होते, मग तो पत्ता खरंच निकडीचा असंल तर वर येतोच.

कडेगावची_लेक:
एक शंका. माहेर नदीकाठचं आहे म्हणून विचारते. प्रशासनानं बोट मागितली आणि मंडळ नाही म्हणालं तर? आणि लोक घर सोडायला तयारच नाहीत, जनावरं आहेत म्हणून, तर जबरदस्ती करता येते का? आमचे आप्पा गेल्या वेळी म्हशी सोडून हललेच नाहीत.

महसूलचा_माणूस:
ताई, बोट घेता येते. त्याच २००५ च्या कायद्यात कलम ६५ खाली साधनं, गाड्या ताब्यात घ्यायचा अधिकार आहे, मोबदल्याची तरतूद ६६ मध्ये. जाणं येणं बंद करायचा अधिकार पण जिल्हा प्राधिकरणाला आहे, आणि विनाकारण अडथळा आणला तर कलम ५१ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा. पण आप्पांवर कलम लावून उपयोग नाही. म्हशी आधी हलवल्या की आप्पा आपोआप मागनं येतात, म्हणून जनावरांची छावणी आणि चारा आम्ही माणसांच्या आधी धरतो. ज्या गावात हे उशिरा सुचतं तिथं रात्री बोट पाठवायला लागते.

काठावरचा_पलूसकर:
सगळ्यांचे आभार. उद्याच मंडळाची मीटिंग लावतो. काठावर उभं राहायला आमचे पीटीचे सर आहेत, आवाज बुलंद आहे, गाव घाबरतं त्यांना. शेवटचं एक, इंजिनाला पेट्रोल कोण देणार? मागच्या वेळी पोरांनी गाड्यांच्या टाक्यांतनं काढून घातलंय.

महसूलचा_माणूस:
नोंद असली तर पुरवठा शाखेकडनं मिळतं, फेरीची वही दाखवायची. पण पहिल्या दिवसाचं स्वतःजवळ ठेवा, पाणी चढलं की पंपच पाण्यात असतो. आणि टू स्ट्रोक इंजिन असंल तर ऑइल पण.