अनुभव धागा : ऑनलाइन गोल्फमधला अप्रोच तुम्ही कसा सुधारलात?

ड्राइव्ह (पहिला लांब फटका) आजकाल सगळ्यांचेच लांब जातात, पटिंगही (होलजवळ बॉल हळूच ढकलणं, त्यातला एक फटका म्हणजे पट) हळूहळू जमतं, पण फेअरवेवरून (मधल्या कापलेल्या गवतावरून) ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) जायचा मधला जो एक शॉट आहे ना, म्हणजे अप्रोच, तिथेच गाडी अडते. डब्ल्यूजीटी (वर्ल्ड गोल्फ टूर) असो, गोल्फ क्लॅश असो नाहीतर पीजीए टूर टूके, ज्याला जे खेळून जमलंय ते इथे सविस्तर लिहा. "सराव करा" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या :)

---

मी डब्ल्यूजीटीवाला. उंचीचा हिशोब करायला लागलो तेव्हापासून खरा फरक पडला. चढ-उतार दिसतो फुटांत आणि अंतर यार्डांत, मग फुटांना सरळ तिनाने भागायचं. म्हणजे होलचा झेंडा १५० यार्डांवर आणि ग्रीन २४ फूट वर असेल तर ८ मिळवून १५८ चा शॉट धरायचा, ग्रीन खाली असेल तर तेवढेच वजा. अगदी काटेकोर नाही, पण जवळपास बसतं. मग लाय (बॉल कसा पडलाय ते) बघायची, रफमध्ये (वाढलेल्या गवतात) १०-२० टक्के दाखवत असेल तर तेवढी ताकद गेली असं समजून मोठा क्लब घ्या, उगाच त्याच क्लबने ताकदीचं मीटर ताणत बसू नका. वाऱ्याचं म्हणाल तर समोरचा वारा जेवढं खातो तेवढं पाठीमागचा देत नाही, दोन्हीकडे सारखेच यार्ड धरणारे कायम शॉर्ट राहतात.

---

वरचा हिशोब बरोबर आहे पण अर्धाच! नंबर काढायच्या आधी पट कुठून करायचाय ते ठरवा की. मी खरं गोल्फही खेळते थोडंफार, तिथे पहिल्या महिन्यात हेच डोक्यात भरवतात, झेंडा दिसला म्हणून झेंड्यावर मारायचं नाही, चढाचा पट उरेल अशा बाजूला बॉल ठेवायचा. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज कोर्सचं १७ वं होल घ्या. पार ४ (म्हणजे चार फटक्यांत संपवायचं), लांबलचक, ग्रीन अरुंद आणि तिरकं, पुढे डाव्या हाताला तो वाळूचा खोल खड्डा, म्हणजे बंकर, आणि मागे चक्क डांबरी रस्ता. झेंडा बरेचदा बंकरच्या आडच असतो. मी तिथे बंकरकडे बघतसुद्धा नाही, ग्रीनच्या उजव्या पुढच्या भागात टाकायचा, दोन पट, पार, चला पुढे. समोरचा बर्डीच्या (पारपेक्षा एक फटका कमी) हावेने बंकरात उतरला की तो तिथून कसा निघतो हे निवांत बघायचं, हा आनंद काही औरच 😄

---

गोल्फ क्लॅशमध्ये हे भागाकार कामाचे नाहीत, तिथे सगळा खेळ टार्गेटभोवतीच्या रिंगांचा. टार्गेट वाऱ्याच्या उलट ओढायचं हे सगळ्यांना माहीत असतं, किती ओढायचं तिथे घोळ. क्लब जितका ॲक्युरेट तितक्या रिंगा बारीक, म्हणजे तेवढ्याच वाऱ्याला जास्त रिंगा सरकावं लागतं. म्हणून क्लब अपग्रेड केला की जुना अंदाज फेकून द्या. शिवाय तोच क्लब पूर्ण अंतराला मारताय की कमी अंतराला, त्यानेही आकडा बदलतो. मी वहीत प्रत्येक आयर्नचे (अप्रोचच्या लोखंडी क्लबचे) तीन कॉलम केलेत, घरचे हसतात, हसू देत.

---

टूके २३ कंट्रोलरवर खेळतो. स्टिक खाली ओढून वर ढकलताना घाई झाली की बॉल डावीकडे, रेंगाळलो की उजवीकडे. ड्राइव्हला चालून जातं, अप्रोचला बंकर नाहीतर पाणी. टीव्हीवर खेळत असाल तर आधी गेम मोड ऑन करा, नाहीतर टीव्हीच्या लॅगमुळे (चित्र उशिरा दिसल्याने) स्विंगचा टेम्पो बिघडतो आणि आपण हाताला दोष देत बसतो.

---

+१ लॅगला. डब्ल्यूजीटीचं मीटर अडखळत असेल तर बाकीचे टॅब बंद करा, क्लब विकत घ्यायच्या आधी हे करा.

---

बॅकस्पिनबद्दल (बॉलला दिलेली उलटी फिरकी) कोणीच लिहिलं नाही? पाठीमागून वारा असेल तर बॉल चपटा येतो आणि पळतो, कितीही बॅकस्पिन द्या. तेव्हा ग्रीनच्या तोंडाशी टाकून रोल होऊ द्यायचा. समोरून वारा असेल तर बॉल उभा पडतो, तेव्हा खुशाल झेंड्यापर्यंत न्या. आणि पार ५ ला दुसरा शॉट जीव खाऊन मारून ४० यार्ड उरवू नका राव, वेजचा (जवळच्या, उंच शॉटचा क्लब) फुल शॉट बसेल एवढं ठेवा, अर्ध्या ताकदीचा शॉट हा सगळ्यात अवघड.

---

४० यार्डांवरून फ्लॉप (उंच उडवून अलगद टाकायचा शॉट) जमतो की, पण त्याचा वेगळा धागा काढा कोणीतरी, बंकरवाले पण तिकडेच या.