आयसीजी डायने आतड्याचा रक्तपुरवठा : प्रबंधात नेमकं मोजायचं काय?

प्रश्न (सर्जरी रेसिडेंट):
रेक्टमच्या (गुदाशयाच्या) कर्करोगात दुर्बिणीतून ऑपरेशन करताना, स्टेपलरने जोड देण्याआधी आयसीजीने (इंडोसायनिन ग्रीन, शिरेतून दिल्यावर खास कॅमेऱ्यात चमकणारा डाय) कोलनचा (मोठ्या आतड्याचा) रक्तपुरवठा बघायचा असा विषय प्रबंधाला घेतला आहे. 25 मिग्रॅची व्हायल आहे. अडचण अशी की एकाच चित्रावर एक सर्जन ‘छान चमकतंय’ म्हणतात, दुसरे ‘अजून दोन सेंमी वर कापा’. मुख्य निष्पत्ती म्हणून लीक (जोडातून होणारी गळती) धरू का? दोन वर्षांत फार तर 80 रुग्ण होतील.

उत्तर (भूलतज्ज्ञ):
पावडर 10 मिली स्टराइल वॉटरमध्येच विरघळवा. सलाइनमध्ये गुठळ्या धरते. 1 मिलीत 2.5 मिग्रॅ झालं. त्यातलं 3 मिली शिरेतून झटकन आणि लगेच मागून 10 मिली सलाइनचा फ्लश. फ्लश राहिला की डाय ट्यूबिंगमध्ये रेंगाळतो आणि दोष आतड्यावर येतो. द्रावण सहा तासांत वापरा. ऑक्सिमीटरचा आकडा थोडा वेळ खाली दिसेल, तो खरा नसतो. व्हायलमध्ये सोडियम आयोडाइड असतं, त्यामुळे आयोडीनची अ‍ॅलर्जी आधी विचारा. आणि डाय देतानाचं बीपी, नॉरअ‍ॅड्रेनालिन (बीपी वाढवणारं औषध) चालू होतं की नाही, हे फॉर्मवर हवंच.

उत्तर (कोलोरेक्टल सर्जन):
दोघांचं न जुळण्यामागे बहुतेक वेळेचा घोळ असतो. निरोगी आतडं साधारण मिनिटाच्या आत उजळतं. तीन-चार मिनिटांनी बघितलं तर रक्त न पोचणारा भागही शेजारून झिरपलेल्या डायने चमकू लागतो.

म्हणून क्रम असा : मेसेंटरी (आतड्याला रक्तवाहिन्या पोचवणारा पडदा) आणि मार्जिनल आर्टरी (कोलनच्या कडेने जाणारी धमनी) आधी कापून घ्या, नाहीतर दिसतो तो जुनाच पुरवठा. साध्या उजेडात कापायची रेषा ठरवून खूण करा. मग डाय, स्टॉपवॉच, आणि 60 सेकंदांना निर्णय. कॅमेऱ्याचं अंतर रोज तेच ठेवा. ऑटो गेन (कॅमेऱ्याने चित्र आपोआप उजळवणं) बंद करता येत असेल तर कराच. तो फिक्या आतड्यालाही उजळून दाखवतो. जोडानंतर दुसरा डोस द्यायचा असेल तर पहिल्याची चमक ओसरू द्या.

उत्तर (बायोस्टॅटिस्टिक्स):
लीक मुख्य निष्पत्ती नको. 10 टक्क्यांवरून 6 वर आणायचं म्हटलं तरी 80 टक्के पॉवरला (खरा फरक पकडण्याची शक्यता) प्रत्येक गटात 720च्या आसपास रुग्ण लागतात. आयसीजीची तुलना नेहमीच्या पद्धतीशी करणारी पिलर-3 चाचणीसुद्धा 347 रुग्णांवर थांबली, लीक आयसीजी गटात 9.0 विरुद्ध नेहमीच्या गटात 9.6 टक्के, म्हणजे हाती काही नाही. तुम्ही खुणेपासून रेषा किती सेंमी सरकली ते मोजा. जोडीला व्हिडिओ दोन सर्जनना वेगवेगळे, निकाल न सांगता दाखवून ‘कप्पा’ (kappa, दोघांची मतं किती जुळतात याचा आकडा) काढा; तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. लीक 2010च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार ए, बी, सी अशा तीव्रतेच्या श्रेणीत फक्त नोंदवा.

प्रश्नकर्ता: रेषा सरकलीच नाही तर?

उत्तर (कोलोरेक्टल सर्जन):
शून्य लिहा, रकाना रिकामा सोडू नका. सरकवायची होती पण आतडं खाली पोचेना, तर तो वेगळा रकाना : स्प्लेनिक फ्लेक्शर (प्लीहेजवळचं कोलनचं वळण) सोडवला की रेषा तशीच ठेवली.