शब्दचर्चा : नेहियव (क्री) समाजाच्या ‘कल्चर कॅम्प’ला मराठीत काय म्हणावे?

सस्कटूनहून

नमस्कार मंडळी. इथे कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात उन्हाळ्यात क्री या इथल्या मूळ रहिवासी समाजाचे कल्चर कॅम्प भरतात. मुलांच्या शाळेतून एकाचं निमंत्रण आलं आहे आणि इथल्या मराठी कुटुंबांसाठी मी त्याचा गोषवारा लिहिते आहे. सध्याचा मसुदा असा: ‘क्री आदिवासींचे संस्कार शिबिर. ज्येष्ठ नागरिकांचे मार्गदर्शन, धूपदान, स्वेदनगृह, भेटवस्तू समारंभ, चर्मोद्योग, मणी ओवणे.’ अर्थ कळतो, पण वाचताना एखाद्या सरकारी पत्रकासारखं वाटतं. नेमके शब्द सुचवाल का?

पुण्याहून

ताई, सुरुवात नावापासून करू. ‘क्री’ हे नाव फ्रेंचांमार्फत आलं. मैदानी प्रदेशातले हे लोक स्वतःला नेहियव म्हणतात, अनेकवचनी नेहियवक, आणि भाषेला नेहियवेविन. मराठीत ‘नेहियव (क्री)’ असं एकदा लिहावं आणि पुढे नेहियवच म्हणावं. देवनागरीत हे उच्चार इंग्रजीपेक्षा चांगले उतरतात. त्यांचा ऱ्हस्व स्वर आपल्या ‘अ’च्या जवळचा आहे, दीर्घ ‘आ’ वेगळा, आणि प, त, क यांच्यात इंग्रजीसारखी ‘ह’ची झाक नाही.

याला एक जुना धागाही आहे. नेहियवेविन ज्या लिपीत लिहितात ती जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने १८४० मध्ये कॅनडातल्याच नॉर्वे हाऊस या गावी प्रचारात आणली. तिच्यात व्यंजनाचं चिन्ह एकच असतं आणि ते चार दिशांना फिरवलं की स्वर बदलतो. ही मांडणी करताना पिटमनच्या लघुलिपीबरोबर देवनागरीही इव्हान्सच्या डोळ्यांसमोर होती, असं अभ्यासक मानतात. नेहियवांची परंपरा मात्र सांगते की ही लिपी मिस्तनास्कोवेव या त्यांच्याच माणसाला आत्मलोकातून मिळाली. गोषवाऱ्यात लिपीचा उल्लेख करणार असाल तर दोन्ही गोष्टी लिहा.

आता मुख्य मुद्दा. नेहियवेविनमध्ये बरेचसे विधी, सोहळे क्रियापदातून जन्मतात. क्रियापदाला ‘-विन’ लागलं की नाम होतं. आपल्याकडे ओवाळणी, पाठवणी, उष्टावण हे शब्द असेच करण्यातून आले. म्हणून माझा आग्रह असा की संस्कृत नामं शोधू नयेत, आपल्या घरातलं क्रियापद शोधावं. ते सापडलं नाही तर त्यांचं नाम जसंच्या तसं ठेवावं.

कॅम्पला ते कपेसिविन म्हणतात. प्रवासात रात्रीपुरतं थांबणं, तळ टाकणं हा त्यातला मूळ भाव. त्याला आपला ‘मुक्काम’ तंतोतंत बसतो. पालखीचा मुक्काम म्हणतो तोच. ‘संस्कार शिबिर’ तर मुळीच नको. या समाजाची मुलं घरातून उचलून निवासी शाळांत नेली गेली, तिथे स्वतःची भाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा होत असे, आणि हे सगळं त्यांना ‘सुधारण्याच्या’ नावाखाली चाललं होतं. ज्या मुक्कामात तीच भाषा नातवंडांच्या तोंडी परत यावी म्हणून म्हातारी माणसं झटतात, त्याला ‘संस्कार’ हा शब्द लावताना माझा हात थांबतो.

‘ज्येष्ठ नागरिक’ही काढा. केह्ते-अय म्हणजे नुसतं वय झालेला माणूस नाही, ज्याच्याकडे विचारायला जावं असा माणूस. मराठीत ‘जाणते’. आजीला तिथे सगळे ‘कोकम’ म्हणतात असं ऐकाल, पण देवनागरीत ते कोह्कोम लिहा, नाहीतर कोकणातल्या वाचकाला आमसुलं आठवतील.

स्मजिंगला, म्हणजे धूर अंगावर घेण्याच्या विधीला, धूपदान नको. आपण बाळंतिणीला आणि बाळाला शेक-धुरी देतो ना, तोच शब्द घ्या: धुरी. वीह्कस्क्व नावाच्या सुगंधी गवताची वेणी किंवा सेज या सुगंधी वनस्पतीची पानं पेटवून तो धूर हातांनी अंगावर, डोक्यावरून घेतात. ‘धुरी घेणे’ म्हटलं की कृती डोळ्यांसमोर येते. धूपदानात समोर मूर्ती गृहीत धरली जाते आणि इथे ती नसते.

कोल्हापूरहून

चर्मोद्योगाबद्दल लिहितो. आमच्याकडे ‘कातडं कमावणं’ हा धंद्यातला रोजचा शब्द आहे. चर्मोद्योग म्हटलं की कारखाना आणि कर्जयोजना समोर येते. मूसचं (तिथल्या मोठ्या हरणाचं) कातडं ते ज्या रीतीने तयार करतात, तिला कमावणंच म्हणावं. आधी मांस आणि चरबी खरवडून काढायची. त्यासाठी मूसच्याच पायाच्या हाडाचं हत्यार करतात. मग केस तासायचे, जनावराचा मेंदू चोळून मुरवायचा, पिळायचं, ताणायचं, आणि शेवटी कुजक्या लाकडाच्या धुरावर धरायचं.

फरक एवढाच की आपल्याकडे बाभळीची साल, हिरडा, तरवड यांनी कातडं कमावतात. मेंदूतल्या स्निग्धतेने ते मऊ होतं आणि धुराने तो मऊपणा टिकतो, भिजून वाळलं तरी फळीसारखं ताठ होत नाही. सोनेरी तपकिरी रंग आणि वासही त्या धुराचाच. तयार कातड्याला पहकेकिन म्हणतात. शक्य असेल तर मुलांना या कामावर बसू द्या. खरवडताना दंड भरून येतात तेव्हा ‘कमावणं’ या शब्दाचे दोन्ही अर्थ कळतात.

‘मणी ओवणे’ही दुरुस्त करायला हवं. ओवतो ती माळ. हे लोक मणी कातड्यावर किंवा मखमलीवर सुईने पक्के करून फुलं-पानं उठवतात, म्हणजे मणी टाचतात. काचेचे मणी व्यापाऱ्यांबरोबर आले. त्याआधी साळिंदराचे काटे रंगवून, चपटे करून तीच नक्षी होत असे. आणि भूर्जाच्या सालीचा पातळ पापुद्रा घडी घालून दातांनी चावून नक्षी उमटवतात, त्याला ‘भूर्जपत्र’ म्हणू नका. त्या शब्दाने पोथी आठवते. ‘भूर्जाची साल’ पुरे.

मॉन्ट्रियलहून

थोडी भर. पूर्वेकडे, जेम्स बेच्या भागात, नेहियव हा शब्द चालत नाही. ते लोक स्वतःला ईयू किंवा ईनू म्हणतात आणि प्रदेशाला ईयू इस्ची. तिथला एक विधी मला फार आवडतो. नुकतं चालू लागलेलं मूल विधी होईपर्यंत स्वतःच्या पायांनी दाराबाहेर जात नाही. मग एका सकाळी, नवे कपडे घालून, स्प्रूसच्या डहाळ्या अंथरलेल्या वाटेवरून ते बाहेर पडतं, एका झाडाला वळसा घालून परत येतं आणि आतले म्हातारे त्याचं स्वागत करतात. मुलाच्या हाती खेळण्यातली बंदूक, मुलीच्या हाती छोटी कुऱ्हाड. मी याला ‘पाऊल काढणे’ म्हणते. ‘निष्क्रमण’ हा सोळा संस्कारांतला शब्द कितीही जवळ वाटला तरी तो नको.

सस्कटूनहून

सगळ्यांचे आभार. मुक्काम, धुरी, कमावणे, टाचणे घेतले. आता उरले स्वेदनगृह आणि भेटवस्तू समारंभ. शिवाय सन डान्सचाही उल्लेख आहे. त्याला सूर्यनृत्य म्हणू?

पुण्याहून

सूर्यनृत्य हे इंग्रजी नावाचं भाषांतर होईल. त्यांचा शब्द निपाक्वेसिमोविन आहे आणि त्यात सूर्य नाही. पाणी न पिता केलेला नाच, एवढंच त्यात आहे. ‘निर्जळी’ हा आपला शब्द इथे बसतो: निर्जळी नाच. तरी आधी मूळ नाव लिहा.

स्वेदनगृह काढाच. तो आयुर्वेदातला उपचार वाटतो. मतोतिसान हे नाव ठेवा आणि एका वाक्यात सांगा: विलोच्या कोवळ्या फांद्या वाकवून केलेला घुमट, मध्ये खड्डा, त्यात तापलेले दगड, त्यांवर पाणी, आणि अंधारात प्रार्थना. इथे मराठीचा एक ‘ला’ फार कामाचा आहे. नेहियवेविनमध्ये नामं सजीव आणि निर्जीव अशी विभागलेली असतात आणि त्याप्रमाणे क्रियापद बदलतं. बूट निर्जीव, पण असिनिय म्हणजे दगड सजीव. या दगडांना आजोबा म्हणून हाक मारतात. आपण ‘दगड उचलला’ म्हणतो, पण ‘आजोबांना उठवलं’ म्हणतो. तेव्हा ‘तापलेले दगड आत आणतात’ असं न लिहिता ‘तापलेल्या दगडांना आत आणतात’ असं लिहा. एका प्रत्ययाने त्यांचं व्याकरण आपल्या वाक्यात येईल.

भेटवस्तू समारंभ म्हणजे माह्ताहितोविन. यासाठी मराठीइतका चपखल शब्द क्वचितच कुठे असेल. संक्रांतीला आपण वाण लुटतो, दसऱ्याला सोनं लुटतो. लुटणं म्हणजे मोकळ्या हाताने देऊन टाकणं. कॅनडा सरकारने १८९५ मध्ये मूळ रहिवाशांसाठीचा ‘इंडियन ॲक्ट’ हा कायदा विस्तारून अशा देण्याघेण्यावर बंदी घातली, निर्जळी नाचातलं अंग टोचून घेणंही गुन्हा ठरवलं, आणि हे कलम १९५१ पर्यंत टिकलं. आपल्या रजया-घोंगड्या दुसऱ्यांना लुटल्या म्हणून माणसाला शिक्षा होऊ शकत होती. ‘भेटवस्तू समारंभ’ म्हटल्यावर त्या बंदीची गंभीरता कुठेच दिसत नाही.

नागपूरहून

लुटणे सुंदर आहे, पण माझी हरकत नोंदवते. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या संदर्भात ‘लूट’ वाचल्यावर पहिला अर्थ कुठला लागेल? आणि आपल्या पुढच्या पिढीला वाण लुटणं तरी कुठे माहीत आहे? ‘देऊन टाकणे’ साधं आणि स्वच्छ आहे.

पुण्याहून

‘लूट’ हे नाम नकोच, त्यावर आपलं एकमत. क्रियापद मात्र मी सोडणार नाही. ‘वाण लुटावं तशा रजया लुटतात’ एवढं लिहिलं तर गैरसमजाला जागा राहत नाही, आणि ज्या मुलांना तो अर्थ माहीत नाही त्यांना आईला विचारता येईल.

सस्कटूनहून

दोन्ही वापरते. नवा मसुदा असा:

‘नेहियव (क्री) समाजाचा मुक्काम. जाणत्यांकडून काही शिकायचं किंवा विचारायचं असेल तर आधी त्यांच्या हाती तंबाखू द्यावी, तशी रीत आहे. सकाळी धुरी. मग मूसचं कातडं कमावणं आणि मणी टाचणं, मुलांनाही हात लावता येईल. दुपारी माह्ताहितोविन: मानकरी कुटुंब, आपण वाण लुटतो तशा, रजया आणि घोंगड्या जमलेल्यांना देऊन टाकतं. मिळालेली वस्तू नको म्हणू नये. मतोतिसानमध्ये दगडांना आत आणल्यावर दार बंद होतं. तिथे आणि इतर विधींच्या वेळी फोटो काढू नयेत, आधी विचारावं.’

तंबाखूच्या ओळीवर काही पालक अडतील असं वाटतं. तिथे त्यांचा शब्द चिस्तेमाव ठेवू का?

नागपूरहून

तंबाखूच ठेवा, आणि पुढे ‘ओढण्यासाठी नव्हे, मान म्हणून’ एवढं जोडा.