बाबांचे पॉलिप काढले, कॅन्सर नाही म्हणतात, मग वर्षाच्या आत परत कोलोनोस्कोपी कशाला?

फोंड्याची_पोर:
नमस्कार मंडळी, लांबलचक आहे पण वाचा प्लीज. बाबा ६३ वर्षांचे, फोंड्याजवळ राहतो आम्ही. चार-पाच महिने अधूनमधून संडासाला रक्त पडायचं, त्यांनी आपलं आपणच मूळव्याध ठरवून शेजारच्या काकांचं चूर्ण चालू ठेवलं, आम्हाला पत्ताच नाही. चतुर्थीला माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची मांडणी) बांधताना आईच्या तोंडून निसटलं तेव्हा कळलं. मग एका प्रायव्हेट हॉस्पिटलात कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघतात ती) केली, दोन पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आत वाढलेल्या बारक्या गाठी, सापडले, एक ८ मिमी एक ४ मिमी, दोन्ही तिथल्या तिथे काढले. बायप्सीत मोठा 'ट्युब्युलर अ‍ॅडेनोमा, लो ग्रेड डिस्प्लेसिया' आणि बारका 'हायपरप्लास्टिक'. डॉक्टर म्हणाले कॅन्सर नाही, बिनाइन आहे, पण वर्षाच्या आत परत या. घोडं इथेच अडलंय. बाबा म्हणतात कॅन्सर नाही तर परत कशाला, पैसे काढायचे धंदे सगळे. नेटवर बघितलं तर कुठे ३ वर्षं लिहिलंय कुठे १० वर्षं, वर्षाच्या आत असं कुठेच नाही. आणि तो डिस्प्लेसिया शब्द वाचल्यापासून माझी झोप उडालीय. कोणी यातून गेलंय का?

डिचोलीकर_७४:
मी गेलोय. २०२१ मध्ये माझा १२ मिमीचा काढला, ४७ वर्षांचा होतो. मला ३ वर्षांनी बोलावलं, गेलो, साफ निघालं. काढताना काही कळत नाही हो, झोपेचं इंजेक्शन देतात, दुर्बिणीतून तारेचा फास टाकून मुळाशी आवळतात आणि काढतात. खरा वैताग आदल्या दिवशीच्या त्या पोट साफ करायच्या पावडरीच्या पाण्याचा. आणि माझा मूर्खपणा ऐका, लाल-जांभळं काही पिऊ नका म्हणून कागदावर छापलेलं, पण मी म्हटलं कोकम पोटाला चांगलं, दुपारी गाळून सोलकढी प्यालो. डॉक्टरनी नंतर विचारलं काय प्यालात म्हणून, सांगताना लाज वाटली.

माशेल_कॉर्नर:
माझं स्पष्ट मत, अशा गाठींना हात लावायचाच नाही, हात लावला की पसरतात. आमच्या मावशीने त्रिफळावर काढली दहा वर्षं.

निवृत्त_सिस्टर:
माशेलवाले, हे पसरायचं डोक्यातून काढा. २६ वर्षं एंडोस्कोपी रूममध्ये काढलीत मी. उलट आहे सगळं. अ‍ॅडेनोमा आत ठेवला तर त्यातल्या काहींचा हळूहळू कॅन्सर होतो, साधारण दहा वर्षं किंवा जास्तच लागतात त्याला, सगळ्यांचा होत नाही, पण कुठल्याचा होणार ते बाहेरून सांगता येत नाही म्हणून सगळेच काढायचे. मावशींच्या पोटात पॉलिप होता हे तरी कोणी बघितलेलं का?

आता फोंड्याच्या बाय, डिस्प्लेसियाला घाबरू नकोस, पेशी बदलायला लागल्यात एवढाच अर्थ, लो ग्रेड म्हणजे थोड्याच. अ‍ॅडेनोमा म्हटला की लो ग्रेड असतोच, त्याची व्याख्याच ती. हाय ग्रेड लिहिलं असतं तर वेगळी गोष्ट. हायपरप्लास्टिक बारका असेल आणि खालच्या टोकाला असेल तर त्याचं काही मनावर घ्यायचं नाही. आणि ८ मिमीचा सहसा रक्त पाडत नाही, म्हणजे रक्त कदाचित खरंच मूळव्याधीचं असेल आणि पॉलिप त्या निमित्ताने सापडला, नशीब समजा.

नेटवरचे आकडे खोटे नाहीत. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या २०२० च्या नियमांप्रमाणे १० मिमीपेक्षा लहान एक-दोन अ‍ॅडेनोमा असले तर ७ ते १० वर्षांनी, तीन-चार असले तर ३ ते ५, आणि १० मिमी किंवा मोठा, किंवा व्हिलस (बोटांसारख्या झालरीचा), किंवा हाय ग्रेड असला तर ३ वर्षांनी. २० मिमीच्या वरचा तुकड्या-तुकड्यांनी काढला तर ६ महिन्यांतच परत. आपले डॉक्टर थोडं पुढे-मागे करतात. पण हे सगळं कधी, आतडं स्वच्छ असलं आणि दुर्बीण शेवटपर्यंत गेली तर! सगळे बायप्सीचा कागद घेऊन बसतात, कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टचं पहिलं पान कोणी वाचत नाही. तिथे बोस्टन स्कोअर, म्हणजे आतडं किती स्वच्छ होतं त्याचे गुण, काय लिहिलाय बघ, आणि बाबांनी पोट साफ करायचं औषध पूर्ण प्यालं का ते विचार.

फोंड्याची_पोर:
सिस्टर!! उजवी बाजू १, मधला भाग २, डावी २, एकूण ५. खाली लिहिलंय 'प्रेप इनअ‍ॅडिक्वेट'. म्हणजे आतडं नीट साफ झालं नव्हतं. बाबांना विचारलं तर आधी गप्प, मग म्हणाले पहिली बाटली प्यालो, पहाटेची दुसरी मागच्या दारी जास्वंदीच्या बुंध्यात ओतली, नाकातून उलटून येत होतं म्हणे. आई अजून बोलत नाहीये त्यांच्याशी.

निवृत्त_सिस्टर:
हाहा, जास्वंदीची प्रेप मात्र उत्तम झाली असणार. बघ, प्रत्येक भागाला निदान २ लागतात. उजव्या बाजूला १ म्हणजे तिथे घाण राहिली, मागे बारीक काही असलं तर दिसणार नाही. म्हणून वर्षाच्या आत. धंदा नाही तो. पुढच्या वेळी ते पाणी फ्रीजमध्ये थंड करा, लिंबू पिळा, थोडं थोडं स्ट्रॉने घ्यायचं. अर्धं रात्री अर्धं पहाटे, पहाटेचं चुकवायचं नाही, उजवी बाजू त्यानेच साफ होते. आधी दोन-तीन दिवस पालेभाजी, बियांची फळं बंद, आदल्या दिवशी उकड्या तांदळाच्या पेजेची नुसती निवळ, शहाळं, बिनदुधाचा चहा. साखरेच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर डॉक्टरना आधी विचारा, मनाने बंद करू नका. आणि काढून किती दिवस झाले? दोन आठवड्यांपर्यंत रक्त येऊ शकतं, भळाभळा आलं तर सरळ कॅज्युअल्टी, नातेवाइकांचे सल्ले घेत बसायचं नाही.

डिचोलीकर_७४:
सिस्टर, चोरीस-पाव (आपलं डुकराच्या मांसाचं सॉसेज) चालतो का पण? हाच प्रश्न आहे खरा.

निवृत्त_सिस्टर:
कधीतरी. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने २०१५ मध्ये प्रोसेस्ड मांस कॅन्सर करणाऱ्यांच्या यादीत टाकलंय, आपलं चोरीस त्यातच आलं. पण तुमचं चोरीस सोडा, तुमचा पॉलिप १० मिमीच्या वर होता, सख्खे भाऊ-बहीण आहेत का? त्यांनी चाळिशीत किंवा तुमच्या ४७ च्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा तपासून घ्यायला हवं. मुलांनाही तेच. फोंड्याच्या बाबांचा लहान होता, तिथे मुलांना एवढी घाई नाही, फॅमिली डॉक्टरच्या कानावर घातलं की पुरे.

डिचोलीकर_७४:
धाकटा भाऊ ४१ चा आहे, म्हापशाला. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी तेव्हा 'कॅन्सर नाही' एवढंच ऐकून निघालो असेन. फोन लावतो.

फोंड्याची_पोर:
दहावा दिवस आज, रक्त नाही. बाबा तयार झालेत, फक्त जत्रेच्या आठवड्यात तारीख नको म्हणतात. दुसरी बाटली पिताना मी समोर खुर्ची टाकून बसणार आहे.