हरियाल बिया पसरवत नाही, दळतो

'हरियाल (पिवळ्या पायांचं हिरवं कबूतर) वड-पिंपळाच्या बिया रानभर पसरवतो' असं म्हटलं जातं, ते पटत नाही. वडाची पिकली फळं तो भरपूर खातो हे खरं, पण त्याची पेषणी (पोटातला अन्न दळणारा भाग) जाड स्नायूंची असते आणि तिच्यात गिळलेले बारीक खडे असतात. खसखशीएवढ्या बिया तिथे दळल्या जातात, रुजण्याजोगं फारसं काही उरत नाही. तांबट, कुटुरगा, बुलबुल, धनेश यांच्या पोटातून मात्र बी शाबूत बाहेर पडतं. आंब्याच्या बेचक्यात उगवलेला वड बहुधा त्यांचाच. पण म्हणून हरियालला कमी लेखू नका, राज्यपक्षी आहे आपला. जुने वड-उंबर तुटले की त्याचं खाणंच संपतं.

आणि राधानगरी-दाजीपूरच्या दाट रानातलं प्रत्येक हिरवं कबूतर हरियाल नसतं. पाय बघा. पिवळेधमक असले आणि खांद्यावर जांभळट डाग असला तर हरियाल. पाय लालसर असले तर बहुधा राखी कपाळाचं हिरवं कबूतर. त्यातल्या नराची पाठ गडद तांबूस असते, तसा रंग हरियालमध्ये कधीच नसतो. पानांत थवा दिसतच नाही, त्यामुळे सकाळी कोवळ्या उन्हात निष्पर्ण शेंड्यांवर शोधा.