मदत हवी आहे: एकच एक्झी जुन्या-नव्या दोन्ही प्रोसेसरवर कशी चालवावी?

मंडळी, हापूसच्या फोटोवरून डाग ओळखणारा सी++ प्रोग्रॅम रत्नागिरीतल्या पॅकहाउससाठी लिहितोय. एव्हीएक्स२ (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या प्रोसेसरच्या सूचना) लावल्यावर माझ्या लॅपटॉपवर सुसाट. तिथल्या पीसीतल्या जुन्या आयव्ही ब्रिज प्रोसेसरवर मात्र 'इलिगल इन्स्ट्रक्शन' ही एरर. साहजिकच, एव्हीएक्स२ आलं इंटेलच्या 2013च्या हॅसवेल प्रोसेसरपासून. नवा पीसी घ्या म्हटलं, तर मालक म्हणतात, आधी आंबा तर जाऊ दे मुंबईला!

जीसीसी कंपायलरचं टार्गेट_क्लोन्स (एकाच फंक्शनच्या वेगवेगळ्या प्रोसेसरसाठी प्रती बनवणारं) लिनक्सवर छान चालतं, पण विंडोजवर त्याला लागणारं आयफंकच (प्रोग्रॅम सुरू होताना योग्य प्रत निवडायची सोय) नाही. म्हणून सुरुवातीला एकदाच सीपीयूआयडी (प्रोसेसरला काय काय येतं ते सांगणारी सूचना) तपासून, कुठली प्रत चालवायची त्याचा फंक्शन पॉइंटर ठरवणार आहे. अडचण अशी, की एव्हीएक्स२ची फाइल वेगळ्या फ्लॅगने कंपाइल केली, तर हेडरमधली इनलाइन टेम्प्लेट्सही एव्हीएक्स२ होतात आणि लिंकर (कंपाइल झालेल्या फाइली जोडणारा) कधीकधी तीच प्रत सगळीकडे वापरतो, म्हणजे जुन्या प्रोसेसरवर पुन्हा तीच एरर. फाइलऐवजी फक्त त्या फंक्शनला, त्याच्यापुरतंच एव्हीएक्स२ चालू करणारा टार्गेट अ‍ॅट्रिब्यूट लावला तर भागेल का? कोणी केलंय?