तात्या विंचूचा आवाज कोणाचा?

कुणीतरी लिहिलंय की 'झपाटलेला' चित्रपटातल्या (1993) तात्या विंचू या बाहुल्याचा आवाज शब्दभ्रमकार (ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करणारे) रामदास पाध्यांचा. तसं नाही. बाहुला पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा मात्र सर्वस्वी पाध्यांचा, आवाजासकट. अर्धवटराव हा बोलका बाहुला तर त्यांना वडिलांकडून, यशवंत पाध्यांकडून मिळाला. शिक्षणाने रामदास पाध्ये मेकॅनिकल इंजिनिअर. बाहुल्यांच्या भुवया आणि जबडे इतके सफाईने हलतात, त्यात ते शिक्षण मला स्पष्ट दिसतं.

लहानपणी गणेशोत्सवात त्यांचा कार्यक्रम पहिल्या रांगेत बसून पाहिला होता. मी सगळा वेळ बाहुल्याकडे न बघता त्यांच्या ओठांकडेच टक लावून होतो. जरा हलले म्हणून दिसले नाहीत. घरी आल्यावर आरशासमोर 'बाबा', 'मामा' म्हणून पाहिलं आणि अडलो. प, फ, ब, भ, म ओठ मिटल्याशिवाय येत नाहीत. शब्दभ्रमकार 'ब'च्या जागी 'द'सारखा, 'म'च्या जागी 'न'सारखा आवाज जिभेने काढतात आणि आपला कान तो दुरुस्त करून घेतो. हे सगळं चालू असताना हात बाहुल्याच्या पाठीत, आणि स्वतःच्या चेहऱ्यावर अर्धवटरावाचं बोलणं पहिल्यांदाच ऐकल्याचे भाव! टीव्हीच्या छोट्या पडद्यावर यातलं निम्मंही कळायचं नाही.